पहिल्या दोन वर्षांचे मार्क आणि 29व्या वर्षी मेडिकल कॉलेज: एक प्रकरण अभ्यास

ही हकिकत न्यू जर्सीत वाढलेल्या एका मराठी मुलीची आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे, लिहिल्यावर तिला वाचूनही दाखवली आहे. तिचं नाव, तिची कॉलेजं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आकडे मात्र तसेच ठेवले आहेत, कारण सगळं अडलं होतं ते आकड्यांवरच.

मी इथल्या एका सरकारी विद्यापीठात मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची सल्लागार आहे. ती माझ्या विद्यापीठाची नव्हती. तिचे आईवडील आमच्या महाराष्ट्र मंडळातले, त्यामुळे ती मला पहिल्यापासून मावशी म्हणते. सल्लागार आणि मावशी या दोन भूमिका या प्रकरणात एकमेकींत गुंतल्या, आणि त्याचा एक परिणाम चांगला झाला नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

पार्श्वभूमी

कुटुंब पुण्याहून 2002 मध्ये आलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वडील एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, बाकी सगळे एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर. ती अकरावीत असताना ग्रीन कार्ड मिळालं. 2011 च्या सप्टेंबरमध्ये तिने एका मोठ्या विद्यापीठात जीवशास्त्र घेऊन प्रवेश घेतला. डॉक्टर व्हायचं हे तिचं स्वतःचं होतं, घरच्यांनी लादलेलं नव्हतं.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. इथे बारावीनंतर थेट मेडिकलला जात नाहीत. आधी चार वर्षांची पदवी, तीत ठरावीक विज्ञान विषय, मग एमकॅट ही परीक्षा, आणि मग अर्ज. अर्जात कॉलेजातला प्रत्येक विषय, प्रत्येक सेमिस्टर, प्रत्येक ग्रेड लिहावी लागते. आपल्याकडे नीटचा एक स्कोअर आला की आधीच्या वर्षांकडे फारसं कुणी बघत नाही. इथे अर्ज वाचणाऱ्याला चारही वर्षं दिसतात, आणि पदवीनंतर घेतलेले विषयही.

पहिल्याच सेमिस्टरला, ऑक्टोबरमध्ये, तिच्या आईच्या स्तनात गाठ सापडली. दर 21 दिवसांनी केमो. वडील कॉन्ट्रॅक्टवर, आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या राज्यात. धाकटा भाऊ चौथीत. आईला हॉस्पिटलला नेणं, भावाला शाळेतून आणणं, स्वयंपाक, आणि खर्चाला हातभार म्हणून भारतीय किराणा दुकानाच्या काउंटरवर आठवड्याला वीस तास. हे दोन वर्षं चाललं. यातलं तिने कॉलेजात कुणालाही सांगितलं नाही, ना प्राध्यापकांना, ना डीनच्या ऑफिसला. घरातलं दुखणं बाहेर सांगायचं नाही हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही, ते आपोआप अंगवळणी पडतं. वैद्यकीय कारणाने सेमिस्टर मागे घेता येतं, ‘इन्कम्प्लीट’, म्हणजे विषय नंतर पूर्ण करायची मुदत, मागता येतं, हे तिला चार वर्षांनी माझ्याकडून कळलं.

दुसऱ्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री-2 मध्ये एफ, म्हणजे नापास. पुढच्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्री-1 मध्ये डी. फिजिक्समध्ये दोनदा सी. कॉलेजने प्रोबेशनवर टाकलं, म्हणजे मार्क सुधारा असा लेखी इशारा दिला. एफ मिळाल्याचं तिने घरी सांगितलं नाही. आई तेव्हा रेडिएशनला जात होती.

आई बरी झाली. मुलीने विषय बदलून मानसशास्त्र घेतलं, उरलेली दोन वर्षं नीट पार पाडली आणि 2015 मध्ये पदवी घेऊन विमा कंपन्यांच्या बिलांचं काम करणाऱ्या एका ऑफिसात लागली. डॉक्टरकीचा विषय घरात बंद झाला.

नेमकी अडचण

2017 च्या डिसेंबरमध्ये ती माझ्याकडे आली. सोबत ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडपत्रकाच्या, प्रती होत्या, घड्या पडून मऊ झालेल्या. जेवणं झाल्यावर आम्ही टेबलावर त्या पसरल्या आणि वहीच्या पानावर हिशेब मांडला.

इथे ए म्हणजे 4, बी 3, सी 2, डी 1 आणि एफ 0; विषय जेवढ्या क्रेडिटचा तेवढं त्याचं सरासरीत वजन. पहिली दोन वर्षं: 60 क्रेडिट, सरासरी 2.1. पुढची दोन वर्षं: 60 क्रेडिट, सरासरी 3.4. एकूण 2.75. हा आकडा वाईट असला तरी हादरवणारा नव्हता. हादरवणारा आकडा दुसरा होता. एम.डी. (इथे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) कॉलेजांचे अर्ज ज्या सेवेमार्फत जातात, ती ॲमकॅस, जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र आणि गणित यांची सरासरी वेगळी काढते. तिची या विषयांची 36 क्रेडिट जवळजवळ सगळी पहिल्या दोन वर्षांतली होती. सरासरी 1.9.

एम.डी. कॉलेजात प्रत्यक्ष प्रवेश मिळवणाऱ्यांची एकूण सरासरी 3.7 च्या वर असते.

‘‘मावशी, एफवाला विषय परत घेऊन ए मिळवला तर एफ जाईल ना?’’ हा तिचा पहिला प्रश्न. तिला ऑफिसातल्या कुणीतरी तसं सांगितलं होतं. त्यात थोडं तथ्य होतं, पण जुनं. डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांची अर्जसेवा आधी पुन्हा दिलेल्या विषयाची नवी ग्रेडच धरायची. 2017 च्या मे महिन्यापासून त्यांनी तो नियम बंद केला. ॲमकॅस तर कायमच दोन्ही ग्रेड मोजतं. चार क्रेडिटचा एफ आणि चार क्रेडिटचा ए मिळून आठ क्रेडिटची सरासरी 2.0 होते. एफ जागचा हलत नाही.

मग मी वहीवर तिला पुढचं गणित करून दाखवलं. पदवीनंतर 40 क्रेडिटचं विज्ञान घ्यायचं, त्यातली 36 क्रेडिट ए आणि चार क्रेडिट बी मिळवायची, असं धरलं तर विज्ञानाची सरासरी 1.9 वरून 2.95 होते आणि एकूण 2.75 वरून 3.04. तीन वर्षं नोकरी सांभाळून, जवळजवळ सगळीकडे ए मिळवून, शेवटी पोचायचं ते 3 च्या आसपास. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे तीनच्या वर जाता येतं.’’

समोर असलेले पर्याय

तिच्या पुण्यातल्या काकांचा आग्रह होता की तिने एनआरआय कोट्यातून तिथेच एम.बी.बी.एस. करावं. भारतीय पासपोर्ट होताच. हा पर्याय आम्ही हसण्यावारी नेला नाही. पण एनआरआय कोट्यालाही नीट द्यावीच लागते, आणि नेमकी 2018 च्या सुरुवातीला खुल्या गटासाठी नीटला 25 वर्षांची मर्यादा घालण्यात आली (ती पुढे 2022 मध्ये काढली). ती पंचविशीला टेकली होती. शिवाय तिचा अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज चालू होता, साडेपाच वर्षं देशाबाहेर राहिली असती तर तो आणि ग्रीन कार्ड दोन्ही धोक्यात आले असते. आणि परत आल्यावर परदेशी पदवीधर म्हणूनच रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या, रांगेत उभं राहायचं.

कॅरिबियन बेटांवरची कॉलेजं हा दुसरा मार्ग. तिथे प्रवेश तुलनेने सोपा, आणि तिथून शिकून उत्तम काम करणारे डॉक्टर मी स्वतः पाहिले आहेत. पण परदेशी कॉलेजातून आलेल्यांपैकी साधारण 60 टक्क्यांनाच मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या देशव्यापी प्रक्रियेत, जागा मिळत होती. अमेरिकेतल्या एम.डी. विद्यार्थ्यांत हेच प्रमाण 90 च्या वर आणि डी.ओ. विद्यार्थ्यांत 80 च्या वर होतं. तिच्या वडिलांना मी हे आकडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘‘वहिनी, साठातली ती असेल ना?’’ असेलही. पण तीन लाख डॉलरच्या कर्जावर तो जुगार नको असं माझं स्पष्ट मत होतं, आणि आजही आहे.

तिसरा मार्ग एका वर्षाचा खास मास्टर्स, ज्यात मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच विषय असतात. तो महाग असतो, आणि त्यात घसरलं तर पुढची सगळी दारं बंद होतात. तिचा विज्ञानाचा पाया सहा वर्षं जुना होता. हा मार्ग लगेच घेण्यासारखा नव्हता. नर्सिंग आणि फिजिशियन असिस्टंटबद्दलही बोललो. तिने दोन दिवस विचार करून नको म्हटलं आणि मी पुन्हा तो विषय काढला नाही.

उरला तो सगळ्यात संथ मार्ग: नोकरी ठेवून, जवळच्या विद्यापीठात संध्याकाळी एकेक विषय घेत नवा रेकॉर्ड उभा करणं.

कोणते विषय पुन्हा घ्यायचे

हा निर्णय बाहेरून किरकोळ वाटतो, पण या प्रकरणात तो कळीचा ठरला. तिला सगळेच विषय पुन्हा घ्यायचे होते, अगदी फिजिक्सच्या सी सकट. तो पहिल्या दोन वर्षांचा सल होता, सगळं धुऊन पुन्हा स्वच्छ करायची इच्छा होती. मी अडवलं. मेडिकल कॉलेजांना पूर्वअट असलेल्या विषयात बहुधा किमान सी लागतो, म्हणून एफ आणि डी मिळालेले दोन विषय परत घेणं भागच होतं. पण सीच्या जागी ए आणून वाचणाऱ्याला एवढंच कळतं की हिला दुसऱ्यांदा तोच धडा जमला. त्याऐवजी तीच क्रेडिट बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, मायक्रोबायोलॉजी, फिजिओलॉजी अशा पुढच्या विषयांत घातली तर मेडिकलच्या पहिल्या वर्षाला ती टिकेल का, या प्रश्नाचं थेट उत्तर मिळतं.

2018 च्या जानेवारीत एकच विषय घेतला: जनरल केमिस्ट्री-2. मी मुद्दाम एकच घ्यायला लावला. ए आला. उन्हाळ्यात ऑरगॅनिक-1. बी आला आणि ती माझ्याकडे येऊन रडली. तिला वाटलं, पुन्हा तेच सुरू झालं. तो बी नोकरी, प्रयोगशाळा आणि सहा आठवड्यांत कोंबलेला अभ्यासक्रम यांचा होता. त्यानंतर उन्हाळ्यात विज्ञान घ्यायचं नाही हे ठरवून टाकलं. तो 40 क्रेडिटमधला एकमेव बी ठरला.

याच वर्षी तिने ईएमटीचं, म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या उपचारांचं, प्रशिक्षण घेतलं आणि गावच्या स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकात शनिवारी रात्रीची पाळी धरली. न्यू जर्सीत अशी पथकं गावोगाव आहेत. अर्जात दाखवायला म्हणून सुरू केलेलं ते काम पुढे तिच्यासाठी काय झालं ते तिच्या तोंडून ऐकायला हवं. एका रात्री एक गुजराती आजी पडल्या होत्या, कमरेचं हाड मोडलेलं. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. हिची हिंदी मोडकीतोडकी, त्यांचीही. स्ट्रेचरवर घेताना आजींनी हिचा हात जो धरला तो हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडला नाही, त्यामुळे हिला एकाच हाताने रक्तदाब घ्यावा लागला. ती म्हणाली, ‘‘मावशी, त्या रात्री पहिल्यांदा मी मार्कांचा विचार न करता झोपले.’’

2019 चा अर्ज

इथे चूक झाली, आणि तिच्यात माझा मोठा वाटा आहे.

2019 च्या उन्हाळ्यापर्यंत तिची 24 क्रेडिट झाली होती. विज्ञान 2.67, एकूण 2.93. एमकॅट अजून दिलेली नव्हती. ती 26 वर्षांची, घरी लग्नाचा विषय सुरू झालेला, वडील दर भेटीत विचारायचे, ‘‘वहिनी, यंदा भरतोय ना अर्ज?’’ सल्लागार म्हणून माझ्यासमोर कुणी हे आकडे घेऊन बसलं असतं तर मी सरळ ‘थांब’ म्हटलं असतं. मावशी म्हणून मी म्हटलं, ‘‘भरून बघ.’’

एमकॅट ऑगस्टमध्ये दिली. निकाल यायला महिना लागतो, म्हणून सप्टेंबर उजाडला. 503. ही परीक्षा 472 ते 528 मध्ये मोजतात, मधला आकडा 500. म्हणजे साधारण मधल्या रांगेच्या किंचित वर. चार भागांपैकी तीन ठीक होते: 126, 127, 128. वाचन-आकलनाच्या भागात 122. अर्ज मेच्या अखेरीपासून पाठवता येतात आणि बरीच कॉलेजं जसे येतील तसे वाचत जातात. तिचा अर्ज तपासून पुढे गेला तोपर्यंत ऑक्टोबर लागला होता. अर्ज 18 कॉलेजांना, सगळी एम.डी. पहिल्या कॉलेजचे 170 डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे 40 च्या आसपास, आणि मग कॉलेजं स्वतंत्र निबंध मागवतात त्याचे प्रत्येकी शंभरेक. एकूण दोन हजार डॉलरच्या वर गेले.

इंटरव्ह्यू एकही आला नाही.

पैसे गेले त्याचं एवढं नाही. पण पुन्हा अर्ज करणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी विचारतात, मागच्या वेळेपासून काय बदललं? तो प्रश्न आम्ही विनाकारण ओढवून घेतला. आणि तो हिवाळा तिने कसा काढला ते मी जवळून पाहिलंय. रोज सकाळी बसमध्ये पोर्टल उघडायचं, बंद करायचं.

थांबलेलं वर्ष

2020 च्या वसंतात एमकॅट पुन्हा द्यायची असं ठरलं होतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं, त्या महिन्यांतल्या परीक्षा रद्द झाल्या. मेच्या शेवटी परीक्षा पुन्हा सुरू झाल्या, कमी वेळाच्या स्वरूपात. तेव्हा दुसरा मोठा प्रश्न उभा राहिला: जूनमध्ये परीक्षा देऊन त्याच वर्षी अर्ज करायचा, की आणखी एक वर्ष जाऊ द्यायचं?

ती त्या वेळी पथकात आठवड्याला तीन पाळ्या करत होती. उत्तर न्यू जर्सीत एप्रिलमध्ये काय चाललं होतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. एन-95 चे वळ गालावर घेऊन ती रात्री दोनला घरी यायची, कपडे गॅरेजमध्ये काढायची, आणि आई झोपलेली असली तरी तिच्या खोलीकडे जायची नाही. या अवस्थेत पावणेसहा तासांच्या परीक्षेची तयारी होणार नाही हे मला दिसत होतं. यावेळी मी सल्लागारासारखी वागले. परीक्षा 2021 च्या एप्रिलमध्ये, अर्ज जूनमध्ये, तोपर्यंत एकही अर्ज नाही, असं सांगितलं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

ते वर्ष थांबल्याचा एक फायदा आम्हाला आधी कळणं शक्यच नव्हतं. 2021 च्या प्रवेशासाठी, म्हणजे 2020 मध्ये, एम.डी. कॉलेजांना अर्ज करणाऱ्यांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा जवळजवळ 18 टक्क्यांनी वाढली.

याच काळात कॉलेजांनी ग्रेडऐवजी ‘पास’ घेण्याची मुभा दिली होती. तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी ती घेतली. तिने घेतली नाही. ज्याच्या रेकॉर्डवर जुना एफ आहे त्याला ‘पास’ परवडत नाही, हा तिचाच निष्कर्ष होता आणि तो अगदी बरोबर होता. ए आला.

वाचन-आकलनाच्या 122 वर तिने वेगळंच काम केलं. त्या भागात 90 मिनिटांत नऊ उतारे आणि 53 प्रश्न असतात: तत्त्वज्ञान, कला, समाजशास्त्र, काहीही. ती प्रत्येक वाक्यात विज्ञानासारखं उत्तर शोधायची. आठ महिने ती रोज घड्याळ लावून दोन उतारे सोडवायची, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली वहीत लिहायची की लेखक काय म्हणतोय आणि मी त्याच्या तोंडी काय घातलं. ती वही मी आता दुसऱ्या विद्यार्थ्यांना दाखवते. 2021 मध्ये 514 आले: 128, 126, 130, 130.

दुसरा अर्ज

आत्मनिवेदनाला 5,300 अक्षरांची मर्यादा असते. 2019 च्या मसुद्याची सुरुवात आईच्या केमोने होती आणि जवळजवळ निम्मं निवेदन तिथेच संपत होतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण हिने स्वतः काय केलं ते शेवटच्या परिच्छेदात कोंबलेलं. नव्या मसुद्यात सुरुवात त्या आजींच्या हातापासून झाली. आईचं आजारपण तीन वाक्यांत: काय झालं, मी कुणाला सांगितलं नाही, आणि त्यातून मार्क घसरले. चौथं वाक्य: 2018 पासून घेतलेल्या 40 क्रेडिटमध्ये सरासरी 3.9. ही चार वाक्यं लिहायला तिला तीन आठवडे लागले. ‘मी कुणाला सांगितलं नाही’ हे वाक्य ती पुन्हा पुन्हा खोडत होती. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं, कारण पूर्ण दोष परिस्थितीवर टाकला तर वाचणारा विचारतो, उद्या पुन्हा परिस्थिती आली तर?

शिफारसपत्रांत एक अडथळा आला. तिच्या जुन्या विद्यापीठाच्या, मेडिकलच्या अर्जदारांना शिफारस देणाऱ्या समितीने, एकूण सरासरी त्यांच्या मर्यादेखाली म्हणून, समितीचं पत्र द्यायला नकार दिला. मग तिने बायोकेमिस्ट्रीच्या आणि फिजिओलॉजीच्या प्राध्यापकांकडून, पथकाच्या कॅप्टनकडून आणि एका डी.ओ. डॉक्टरकडून स्वतंत्र पत्रं घेतली. त्या डॉक्टरांबरोबर ती चार महिने, दर शुक्रवारी अर्धा दिवस बसत होती. सुट्ट्या सगळ्या त्यात गेल्या.

आणि यावेळी यादीत 12 एम.डी. आणि 13 डी.ओ. कॉलेजं होती. अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला.

घरातला डी.ओ.चा प्रश्न

वडिलांना डी.ओ. नको होतं. ‘‘लोक विचारतील हे काय, हाडवैद्य?’’ हा त्यांचा शब्द. मी रागावले नाही, कारण आपल्या लोकांत हा गैरसमज सर्रास आहे. ऑस्टिओपॅथीच्या शिक्षणाची सुरुवात अँड्र्यू टेलर स्टिल यांनी मिझुरीतल्या कर्क्सव्हिल इथे 1892 मध्ये काढलेल्या शाळेपासून झाली आणि स्नायू-हाडांच्या हाताळणीचं शिक्षण आजही त्या पदवीत असतं. पण अमेरिकेत डी.ओ. हा पूर्ण डॉक्टर आहे. पन्नासही राज्यांत औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो. 2020 च्या जूनपासून एम.डी. आणि डी.ओ. रेसिडेन्सी एकाच मान्यता व्यवस्थेखाली आल्या. हे सगळं सांगून झालं तरी वडील गप्पच होते. शेवटी आई म्हणाली, ‘‘अहो, माझ्या केमोच्या वेळी रात्री तापाला कोण आलं होतं? त्यांच्या कोटावर डी.ओ.च लिहिलं होतं. मी वाचलंय.’’ विषय तिथे संपला.

निकाल

तीन इंटरव्ह्यू आले, तिन्ही ऑनलाइन: दोन डी.ओ., एक एम.डी. तिन्ही ठिकाणी पहिल्या दोन वर्षांबद्दल विचारलं. एका ठिकाणी अगदी सरळ: तेव्हा कुणाला सांगितलं असतंस तर काय झालं असतं? तिने उत्तर दिलं की कदाचित एफ नसता, आणि आता ती पथकातल्या नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगते की घरी काही बिघडलं तर पाळी सोडा, पण सांगा.

डिसेंबरात एका डी.ओ. कॉलेजचा होकार आला. एम.डी. कॉलेजने वेटलिस्टवर ठेवलं. डी.ओ.ची अनामत परत मिळणारी नव्हती. वेटलिस्टची वाट बघत ती भरायची लांबवावी का, असा दोन दिवस विचार चालला. तिने भरली. वेटलिस्ट ऑगस्टपर्यंत हलली नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये, 29 व्या वर्षी, ती मेडिकलच्या पहिल्या वर्षात बसली.

काय वेगळं करता आलं असतं

2011 मध्ये तिने डीनच्या ऑफिसचं एक दार ठोठावलं असतं तर हे प्रकरण बहुधा घडलंच नसतं. पण 18 वर्षांच्या मुलीवर ही जबाबदारी टाकून मोकळं होणं मला पटत नाही. आम्ही मंडळातली माणसं तिच्या आईला डबे पोचवत होतो. मुलीचं कॉलेज कसं चाललंय हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मी तर याच क्षेत्रातली. मी आता ओळखीच्या घरात आजारपण आलं की डब्याबरोबर हेही विचारते, आणि रजेच्या अर्जाचा नमुना पाठवते.

2019 चा अर्ज करायला नको होता. किमान त्यात डी.ओ. कॉलेजं हवी होती. ती वगळण्यामागे वडिलांचा आग्रह होता आणि मी वाद टाळला. एमकॅटचा स्कोअर हातात येण्याआधी अर्जाचे पैसे भरायचे नाहीत, हा नियम मी त्यानंतर कुणासाठीही मोडलेला नाही. आणि ओळखीच्या घरातलं मूल आलं तर आकडे पाहून पहिलं मत देण्यासाठी मी त्याला माझ्या सहकाऱ्याकडे पाठवते.

ज्यावर माझं मत अजून पक्कं होत नाही, तो मुद्दा खास मास्टर्सचा. 2020 मध्ये तिचे मार्क पाहता तो तिला झेपला असता, कदाचित एम.डी.चं दारही उघडलं असतं. पण कर्ज वाढलं असतं. आता अर्ज करणाऱ्यांनी तर कर्जाचा हिशेब नव्याने मांडावा, कारण 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद होत आहे आणि मेडिकलसाठी केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला 50 हजार, एकूण दोन लाख डॉलरवर थांबतं. तीन वर्षं संध्याकाळचे विषय पगारातून भरत घेण्याचा तिचा मार्ग संथ होता, पण त्यावर कर्ज चढलं नाही.

सध्या ती चौथ्या वर्षाला आहे. सप्टेंबरमध्ये तिने फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी अर्ज भरला. त्या रात्री फोन आला. ‘‘मावशी, यात ट्रान्सक्रिप्ट फक्त मेडिकल कॉलेजचंच मागितलंय. जुनं कुठेच जोडायचं नाहीये. मी दोनदा बघितलं.’’ मी म्हटलं, तिसऱ्यांदा बघू नकोस, पाठव. तिने पाठवला.